‘आहे’ दिसलं म्हणून ‘हॅव’ नको! अर्जात आणि मुलाखतीत गोंधळ घालणारे इंग्रजीतले दोन काळ

बेळगाव : समजा, उद्यमबागमधल्या एखाद्या फाउंड्रीत हिशेब सांभाळणारा तरुण पुण्यातल्या कंपनीत मुलाखतीला गेलाय. फाउंड्रीत त्याला तीन वर्षं झाली. नोकरी अजून चालू आहे, राजीनामा दिलेला नाही. अनुभव विचारल्यावर तो म्हणतो, ‘आय वर्क्ड इन अ फाउंड्री फॉर थ्री इयर्स.’ समोरचे साहेब लगेच विचारतात, ‘का सोडली? मग सध्या काय करता?’ पोरगं गडबडतं. नोकरी सोडल्याचं तर तो बोललाच नव्हता!

बोलला नव्हता, पण त्याचं वाक्य तसंच बोललं होतं. ‘आय वर्क्ड’ याचा इंग्रजी कानाला लागणारा अर्थ ‘काम करत होतो, आता नाही’ असा होतो. त्याला म्हणायचं होतं ते ‘तीन वर्षं झाली काम करतोय’. त्यासाठी हवं होतं, ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ फाउंड्री फॉर थ्री इयर्स.’

त्याच तरुणाच्या बायोडेटातली पहिली ओळ बहुधा अशी असते : ‘आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन २०१५.’ इथं उलटी चूक आहे. जिथं साधा भूतकाळ हवा तिथं ‘हॅव’ घातलंय. म्हणजे जिथं हवं तिथं ‘हॅव’ नाही आणि जिथं नको तिथं आहे.

या दोन चुका सीमाभागातच होतात असं नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, पणजी, कुठलाही मराठी माणूस त्या करतो, आणि त्या अडाणीपणातून होत नाहीत. उलट मराठी पक्की असल्यामुळेच होतात. ते कसं, हे एकदा समजलं की निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

नावातच उत्तर आहे

शाळेत शिकवलेली दोन नावं आठवा. ‘मी जेवलो’ हा साधा भूतकाळ, इंग्रजीत सिंपल पास्ट. ‘मी जेवलो आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ, इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट. दुसऱ्या नावात ‘वर्तमानकाळ’ हा शब्द आहे, आणि तो उगाच नाही.

काम मागे होऊन गेलंय, पण बोलणाऱ्याचं लक्ष आजवर आहे. ‘जेवलास काय?’ असं कुणी विचारलं की ‘जेवलोय’ म्हणतात. त्यात किती वाजता जेवलो, काय जेवलो हे सांगायचं नसतं. आता पोट भरलेलं आहे, ताट वाढू नका, एवढंच सांगायचं असतं. हा पूर्ण वर्तमानकाळ.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर साधा भूतकाळ म्हणजे रोजकीर्दीतली नोंद आणि पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे आजची शिल्लक. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीला तारीख असते : ५ तारखेला इतके आले, ८ तारखेला इतके गेले. शिल्लक काढताना मात्र कुणी ‘५ तारखेची आजची शिल्लक’ म्हणत नाही. शिल्लक आजची असते. मागच्या सगळ्या व्यवहारांमुळे आज हातात काय आहे, ते ती दाखवते.

इंग्रजी या दोन वह्या कटाक्षाने वेगळ्या ठेवते. ‘वुई रिसीव्ह्ड फाइव्ह थाउजंड रुपीज ऑन मंडे’, ही रोजकीर्द. सोमवार आला, म्हणून साधा भूतकाळ. ‘वुई हॅव रिसीव्ह्ड ट्वेंटी थाउजंड रुपीज सो फार’, ही शिल्लक. आजपर्यंत वीस हजार आले, अजून येऊ शकतात. म्हणून ‘हॅव’. पण ‘वुई हॅव रिसीव्ह्ड फाइव्ह थाउजंड रुपीज ऑन मंडे’ हे चालत नाही, कारण ते शिल्लकेच्या रकान्यात जुनी तारीख घालण्यासारखं आहे.

सगळ्या लेखाचं सार एवढंच आहे. आता मराठी माणूस नेमका कुठं अडखळतो ते पाहू.

पहिला खड्डा : तारीख आणि ‘आहे’ एकत्र

मराठीत ‘माझं बी.कॉम. २०१५ ला झालंय’ हे शंभर टक्के बरोबर वाक्य आहे. ‘पाहुणे कालच आलेत’ हेही बरोबर. मराठीला ‘काल’ आणि ‘आहे’ एका वाक्यात आले तरी काही वाटत नाही.

आजूबाजूच्या भाषांचंही तेच. इंदूर-ग्वाल्हेरकडे ‘मैंने २०१५ में बी.कॉम. किया है’ म्हणतात. वडोदऱ्यात ‘में २०१५मां बी.कॉम. कर्युं छे’. बेळगावात कन्नडमधून ‘२०१५रल्ली मुगिसिद्देने’ असं सहज कानावर पडतं. म्हणजे घरात मराठी आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्यालाही इंग्रजीचा हा नियम कुठंच भेटत नाही. एवढंच कशाला, जर्मन आणि फ्रेंच लोकही बोलताना ‘काल’ या शब्दाबरोबर ‘हॅव’सारखं रूप बिनदिक्कत वापरतात. या बाबतीत हट्टी आहे ती इंग्रजी.

इंग्रजीचा हट्ट असा : संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ बाहेर. यस्टरडे, लास्ट वीक, लास्ट इयर, इन २०१५, टू डेज अगो, ऑन मंडे, व्हेन आय वॉज इन कॉलेज, यातलं काहीही वाक्यात आलं की साधा भूतकाळच घ्यायचा.

बायोडेटातली ओळ दोन प्रकारे दुरुस्त होते. साल ठेवायचं असेल तर ‘आय कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन २०१५.’ साल नको असेल, फक्त पदवी हातात आहे हे सांगायचं असेल, तर ‘आय हॅव कम्प्लिटेड माय बी.कॉम.’ दोन्ही बरोबर. साल आणि ‘हॅव’ दोघं एकत्र आले की चूक.

याची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे ‘केव्हा?’ हा प्रश्न. तुमचं वाक्य ‘केव्हा?’ला उत्तर देत असेल तर ‘हॅव’ काढा. म्हणूनच इंग्रजीत ‘व्हेन हॅव यू जॉइन्ड?’ असं विचारत नाहीत, ‘व्हेन डिड यू जॉइन?’ असं विचारतात.

घरचंच उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेलगाम’चं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं. साल सांगायचं तर इंग्रजीत ‘बेलगाम बिकेम बेळगावी इन २०१४’. साल न सांगता, आज पाटीवर नाव वेगळं आहे एवढंच सांगायचं तर ‘बेलगाम हॅज बिकम बेळगावी’. घटना एकच, पण पहिलं वाक्य इतिहास सांगतं आणि दुसरं आजची स्थिती.

दुसरा खड्डा : ‘पासून’

पहिल्या खड्ड्यात मराठी माणूस ‘हॅव’ जास्त वापरतो. इथं नेमकं उलटं होतं, हवं असताना वापरत नाही.

‘मी तीन वर्षांपासून इथं काम करतो.’ मराठीत हा सरळ वर्तमानकाळ. त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी होतं ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’. हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की कुणाला खटकतही नाही. परीक्षकाला मात्र खटकतं, कारण त्यात एक नाही, दोन चुका आहेत.

पहिली चूक काळाची. मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजी साधा वर्तमानकाळ देत नाही, ‘हॅव’ देते. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर’. ‘आय हॅव वर्क्ड हिअर’ हेही चालतं, पण ‘हॅव बीन वर्किंग’ म्हटलं की काम अजून चालू आहे की नाही याबद्दल शंका राहत नाही. म्हणून मुलाखतीत तेच बरं.

दुसरी चूक ‘सिन्स’ची. मराठीत एकाच ‘पासून’वर भागतं : ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘२०२१ पासून’. इंग्रजीत याचे दोन शब्द आहेत. किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर’ : फॉर थ्री इयर्स, फॉर सिक्स मंथ्स. कुठून सुरुवात झाली ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’ : सिन्स २०२१, सिन्स मंडे, सिन्स माय चाइल्डहूड. मराठीत ‘गेली तीन वर्षं’ म्हणता आलं तर ‘फॉर’. ‘गेली २०२१’ म्हणता येत नाही, म्हणून तिथं ‘सिन्स’.

सीमाभागात हे उदाहरण विसरणं कठीण आहे. महाराष्ट्र सरकारने सीमाप्रश्नावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. इंग्रजीत : ‘महाराष्ट्र फाइल्ड द सूट इन २००४.’ दाखल करणं एका वर्षी होऊन गेलं, म्हणून साधा भूतकाळ. पण दावा प्रलंबित आहे : ‘द सूट हॅज बीन पेंडिंग सिन्स २००४.’ साल तेच, पण ‘इन’च्या जागी ‘सिन्स’ आलं आणि काळ बदलला. ‘इन २००४’ ही रोजकीर्दीतली नोंद झाली. ‘सिन्स २००४’ म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत ओढत आणलेली शिल्लक.

गोवेकरांसाठीही तसंच. ‘गोवा बिकेम अ स्टेट इन १९८७’, पण ‘गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स १९८७’. ‘गोवा इज अ स्टेट सिन्स १९८७’ हे मराठी वळणाचं इंग्रजी, ते टाळायचं.

‘फॉर’ आलं म्हणून ‘हॅव’ येतंच असं नाही

इथं एक सावधगिरी हवी. क्लासमध्ये ‘फॉर दिसलं की हॅव लिहा’ असं घोकून घेतात, ते अर्धवट आहे.

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. पुढे ते इंदूरजवळ देवासला स्थायिक झाले आणि १९९२ मध्ये तिथंच वारले. देवासला त्यांचं वास्तव्य चार दशकांहून जास्त होतं. इंग्रजीत काय म्हणायचं? ‘कुमार गंधर्व लिव्ह्ड इन देवास फॉर मोअर दॅन फोर्टी इयर्स.’ साधा भूतकाळ. कारण ती चाळीस वर्षं संपलेली आहेत, तो हिशेब बंद झालाय. इथं ‘हॅज लिव्ह्ड’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते आजही देवासला राहतात असं वाटेल.

म्हणून ‘फॉर’ पाहून ठरवायचं नाही. कालावधी चालू आहे की बंद झाला, ते पाहायचं. चालू असेल तर ‘हॅव’, बंद असेल तर साधा भूतकाळ. फाउंड्रीतल्या तरुणाची गडबड हीच होती. त्याची तीन वर्षं चालू होती आणि वाक्याने ती बंद करून टाकली.

तिसरा खड्डा : आत्ता घडलेलं

मराठीत ताजी बातमी साध्या भूतकाळात येते. ‘अगं, किल्ली हरवली!’ ‘बस गेली!’ ‘पास झालो!’ यातल्या कशातही ‘आहे’ नाही, तरीही परिणाम आत्ताचा आहे. किल्ली अजून सापडलेली नाही, बस हातची गेली, पेढे आणायचेत.

इंग्रजी अशा वेळी ‘हॅव’ पसंत करते : ‘आय हॅव लॉस्ट माय की’, ‘द बस हॅज लेफ्ट’, ‘आय हॅव पास्ड’. ‘आय लॉस्ट माय की’ हेही इंग्रजी आहे, पण त्यात किल्ली अजून हरवलेलीच आहे की नंतर मिळाली, हे कळत नाही. ‘हॅव’ आलं की अजून मिळालेली नाही हे नक्की.

‘नुकतंच’, ‘आधीच’, ‘अजून नाही’ या अर्थाचे जस्ट, ऑलरेडी, येट हे शब्द आले की ब्रिटिश इंग्रजीत सहसा ‘हॅव’ येतं : ‘आय हॅव जस्ट ईटन’, ‘शी हॅज ऑलरेडी पेड’, ‘दे हॅवन्ट कम येट’. अमेरिकेत मात्र ‘आय जस्ट एट’, ‘शी ऑलरेडी पेड’, ‘डिड यू ईट येट?’ असं सर्रास बोलतात आणि तिथं ते चुकीचं मानत नाहीत. अमेरिकन मालिका बघून कुणी तसं बोललं तर त्याला हसायचं कारण नाही. आपली शाळेची पुस्तकं ब्रिटिश वळणाची, म्हणून परीक्षेत ‘हॅव’ सुरक्षित.

‘आज’चंही असंच आहे. सकाळी अकराला ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’ म्हणतात, कारण सकाळ अजून चालू आहे, तिसरा कप होऊ शकतो. संध्याकाळी पाचला तेच सांगायचं तर ‘आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग’. शब्द तेच, पण सकाळ संपली.

चौथा खड्डा : ‘गेला होता’

‘काल पणजीला गेलो होतो.’ मराठीत बोलताना हा ‘होतो’ सहज येतो. त्याचं इंग्रजी करताना ‘आय हॅड गॉन टु पणजी यस्टरडे’ होतं. हे ‘हॅड’ इथं नको. ‘आय वेंट टु पणजी यस्टरडे’ एवढंच पुरे.

इंग्रजीत ‘हॅड गॉन’ येतं ते दोन जुन्या घटनांतली आधीची कुठली हे दाखवायला : ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा बस गेली होती’, म्हणजे ‘व्हेन वुई रीच्ड द स्टँड, द बस हॅड गॉन’. पोचणं नंतर, जाणं आधी. मागे-पुढे करायला दुसरी घटनाच नसेल तर ‘हॅड’ला काम नाही.

याच ओघात ‘गॉन’ आणि ‘बीन’ची जोडी. मराठीत ‘तो गोव्याला गेलाय’ आणि ‘तो गोव्याला जाऊन आलाय’ यातला फरक कुणालाही सांगावा लागत नाही. पहिला अजून तिकडेच आहे, दुसरा परत आलाय. इंग्रजीत पहिल्याला ‘ही हॅज गॉन टु गोवा’, दुसऱ्याला ‘ही हॅज बीन टु गोवा’. स्वतःबद्दल समोरासमोर बोलताना ‘आय हॅव गॉन टु गोवा’ म्हणणं म्हणूनच चमत्कारिक. माणूस समोर उभा आहे आणि सांगतोय की मी गोव्याला गेलोय!

मग सरकारी पत्रात कसं असतं?

‘युअर अ‍ॅप्लिकेशन हॅज बीन रिसीव्ह्ड ऑन’ आणि पुढे तारीख. अशी पत्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. बँकेत, कचेरीत, कॉलेजात तारखेसह ‘हॅज बीन’ राजरोस चालतं. भारतातल्या इंग्रजीत ही सवय इतकी मुरलीय की समजण्यात काही अडचण येत नाही. कचेरीतल्या साहेबाने तसं लिहिलं म्हणून काम अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. परदेशात शिकायला किंवा कामाला जाण्यासाठी अनेकांना आयईएलटीएस द्यावी लागते. तिच्या बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या भागात चार निकषांवर गुण असतात आणि त्यातला एक निकष व्याकरणाचा. काळांचा गोंधळ वारंवार झाला तर गुणांवर परिणाम होतोच.

त्याहून महत्त्वाचा आहे व्हिसाचा अर्ज. त्यात ‘हॅव यू एव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा?’ अशा धाटणीचे प्रश्न असतात. ‘हॅव यू एव्हर’ म्हणजे जन्मापासून आजच्या दिवसापर्यंत कधीतरी, एकदाही. गेल्या वर्षी नाही, या वेळी नाही, आयुष्यात कधीही. दहा वर्षांपूर्वी एकदा नकार मिळाला असेल आणि ‘आता त्याचं काय’ म्हणून कुणी ‘नो’वर खूण केली, तर ती चुकीची माहिती ठरते आणि पुढे भारी पडू शकते. इथं काळ न समजणं ही व्याकरणाची चूक राहत नाही. कागदावरची चूक होते.

एका संभाषणात दोन्ही काळ

खऱ्या बोलण्यात हे दोन काळ हातात हात घालून येतात. सुरुवात ‘हॅव’ने होते, तपशील साध्या भूतकाळात येतो.

‘हॅव यू एव्हर वर्क्ड विथ जीएसटी रिटर्न्स?’ जीएसटी रिटर्नचं काम कधी केलंय?
‘येस, आय हॅव.’ हो, केलंय.
‘व्हेअर डिड यू लर्न इट?’ कुठं शिकलात?
‘आय लर्न्ट इट इन माय फर्स्ट जॉब. आय फाइल्ड रिटर्न्स फॉर टू स्मॉल शॉप्स.’ पहिल्या नोकरीत शिकलो. दोन छोट्या दुकानांची रिटर्न भरली.

पहिला प्रश्न अनुभव आहे का, एवढाच. म्हणून ‘हॅव’. एकदा ‘हो’ म्हटलं की बोलणं त्या जुन्या नोकरीत शिरतं आणि काळ बदलतो. इथं मराठी माणूस पुढेही ‘आय हॅव लर्न्ट, आय हॅव फाइल्ड’ करत राहतो, आणि तिथं वाक्यं जड होतात. दार उघडायला ‘हॅव’, आत गेल्यावर साधा भूतकाळ, एवढं ध्यानात ठेवलं तरी बोलणं सुटसुटीत होतं.

इंग्रजी बातम्याही अशाच लिहिल्या जातात. पहिल्या वाक्यात ‘द गव्हर्नमेंट हॅज अनाउन्स्ड’, पुढे ‘द मिनिस्टर सेड ऑन मंडे’. रोज एक इंग्रजी बातमी उघडून पहिल्या चार-पाच वाक्यांतली क्रियापदं तपासली, तर हा बदल कुठं होतो ते आपोआप दिसायला लागतं. यासाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही.

कानाची अडचण

आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते. इंग्रजी बोलणारे ‘आय हॅव’ असं सुटं फार कमी बोलतात. ते ‘आयव्ह’ म्हणतात, ‘ही हॅज’चं ‘हीज’ करतात. ‘आयव्ह वर्क्ड’ भरभर म्हटलं की मधला ‘व्ह’ आपल्या कानातून निसटतो आणि ऐकू येतं ‘आय वर्क्ड’. मग आपणही तेच म्हणायला लागतो. मुलाखतीत घाई न करता ‘आय हॅव’ सुटं म्हटलं तर काही बिघडत नाही. उलट अर्थ स्वच्छ पोचतो.

रूपांचीही एक नजर टाकायला हवी. ‘हॅव’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप येतं. ‘हॅव वेंट’ नाही, ‘हॅव गॉन’. ‘हॅव सॉ’ नाही, ‘हॅव सीन’. ‘हॅव डिड’ नाही, ‘हॅव डन’. आणि ‘डिड’ किंवा ‘डिडन्ट’ आलं की मूळ रूप : ‘डिडन्ट वेंट’ नाही, ‘डिडन्ट गो’.

अर्ज पाठवण्याआधी

बायोडेटा किंवा पत्र पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत.

१. वाक्यात संपलेली वेळ आहे का? काल, गेल्या वर्षी, २०१५ मध्ये? असेल तर साधा भूतकाळ. ‘हॅव’ दिसलं तर खोडा.

२. गोष्ट मागे सुरू होऊन अजून चालू आहे का? असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅव बीन’. किती काळ असेल तर ‘फॉर’, कुठून असेल तर ‘सिन्स’.

३. वेळ सांगितलेली नाही आणि आज त्याचा उपयोग किंवा परिणाम आहे का? अनुभव, कौशल्य, हातात असलेली पदवी? मग ‘हॅव’.

या तीन प्रश्नांवर बायोडेटातल्या नेहमीच्या ओळी अशा दुरुस्त होतात :

‘आय हॅव पास्ड एस.एस.एल.सी. इन २०१०’ – चूक. ‘आय पास्ड एस.एस.एल.सी. इन २०१०’ – बरोबर.

‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन बेळगावी सिन्स ट्वेंटी इयर्स’ – चूक. ‘आय हॅव लिव्ह्ड इन बेळगावी फॉर ट्वेंटी इयर्स’ – बरोबर.

‘आय हॅव लेफ्ट माय लास्ट जॉब इन मार्च’ – चूक. ‘आय लेफ्ट माय लास्ट जॉब इन मार्च’ – बरोबर.

‘आय नो टॅली सिन्स फाइव्ह इयर्स’ – चूक. ‘आय हॅव यूज्ड टॅली फॉर फाइव्ह इयर्स’ – बरोबर.

‘आय हॅड अप्लाइड लास्ट वीक’ – चूक. ‘आय अप्लाइड लास्ट वीक’ – बरोबर.

आता फाउंड्रीतल्या त्या तरुणाला पुन्हा मुलाखतीच्या खुर्चीत बसवा. अनुभव विचारला जातो. तो म्हणतो, ‘आय कम्प्लिटेड माय बी.कॉम. इन २०१५. आय हॅव बीन वर्किंग इन अ फाउंड्री फॉर थ्री इयर्स.’ पदवी झाली ती त्या साली, नोकरी चालू आहे ती आजही. आता साहेब ‘का सोडली?’ असं विचारणार नाहीत. विचारतील ते ‘कधीपासून येऊ शकता?’